रोलवाल्या कॅमेऱ्यात आलेला माणूस

"डिजिटलमधी मेलेलं मानूस येत नाई. त्याले रोलवालाच कॅमेरा लागते."

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका मेलेल्या माणसाच्या कानाभोवतीची कड सोडवत होते. आधार कार्डावरचा फोटो होता. त्याच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि अल्बमच्या पहिल्या पानावर वडील मागे उभे पाहिजेत, असं मुलाचं म्हणणं होतं. असं काम आमच्याकडे आठवड्यातून एखादं येतंच. ओळखपत्रावरून चेहरा घ्यायचा, त्याला दुसऱ्या कुणाचं सदरा घातलेलं अंग जोडायचं, बाकीच्यांवर उजेड डावीकडून असेल तर वडिलांवरही डावीकडूनच आणायचा. मग वडील लग्नाला आले असं होतं. फोटो न्यायला आलेली माणसं त्यावरून एकदा तरी हात फिरवतात.

म्हणून ते वाक्य ऐकून माझा माउसवरचा हात थांबला.

आमचा स्टुडिओ मेहकरला बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. पुढे काउंटर, तिथे बाबा बसतात. मध्ये जाड निळा पडदा. मागे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मी. पडद्यामुळे मला गिऱ्हाईक दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं, आणि मी आत आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मला ते बरं वाटतं.

"काकू, तो कॅमेरा बंद पडला," बाबा म्हणाले.

"बंद पडला तं दुरुस्त करा. घड्याळ बंद पडलं तं फेकून देता काय?"

"आता त्याचे रोलच भेटत नाई, आई." हा तिसरा आवाज, तिच्या मुलाचा. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. "भाऊ, तुमीच सांगा हिले. साक्षगंधाले ड्रोनवाला बी येऊन राह्यला. वरून घेईन सारं."

"वरून घेऊन काय करतं? ते काय वरून येतीन? तवा दारातून आले होते."

यावर कुणी हसलं नाही. मी पडद्याची कड बोटभर सरकवून पाहिलं. बाबा काउंटरवरच्या काचेखालच्या नमुन्याच्या फोटोंकडे बघत होते. समोर एक म्हातारी बाई स्टुलावर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत फ्रेमचा कोपरा दिसत होता. ती फ्रेम मी ओळखली.

तो कॅमेरा बंद पडलेला नव्हता. दर दसऱ्याला आम्ही स्टुडिओतल्या सामानाची पूजा करतो तेव्हा बाबा तो चामड्याच्या पेटीतून काढतात, हळदकुंकू लावायच्या आधी खटका ओढून एकेक स्पीड तपासतात आणि परत ठेवून देतात. यंदाही तो नीट वाजला होता.

त्या फ्रेमबद्दल आधी सांगायला हवं. डोणगावला त्या बाईंच्या घरात ती देवघराच्या भिंतीवर असते. लहानपणी बाबांबरोबर एका बारशाला गेले होते तेव्हा मी ती पहिल्यांदा पाहिली. फोटो त्या घरच्या मुलीच्या लग्नातला आहे, माझ्या जन्माच्या आधीचा, बाबांनीच काढलेला. नवरा-नवरी, नवऱ्याकडची चार माणसं आणि नवरीचा भाऊ, असे सात जण उघड्या दारासमोर उभे आहेत. दाराच्या आत काळोख आहे. आणि त्या काळोखात, नवरीच्या डोक्यामागे, पांढरं धोतर आणि पांढरा रुमाल बांधलेला एक माणूस उभा आहे. तो थोडा पारदर्शक आहे. त्याचा उजवा हात खांद्याइतका वर उचललेला आहे. तो नवरीचा बाप. लग्नाच्या आदल्या दिवाळीत तापाने चौथ्या दिवशी गेलेला.

घरात माणूस गेला की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडे धरतात. म्हणून त्यांनी लग्न घाईने त्याच उन्हाळ्यात केलं होतं. आणि लग्नाला बाप आला, मुलीला आशीर्वाद देऊन गेला, असं अख्ख्या डोणगावात झालं. डोणगावातच कशाला, एकदा साखरखेर्ड्याहून एक जोडपं आमच्याकडे आलेलं मला आठवतं. मी दुसरीत असेन. त्यांचा मुलगा गेला होता. बाबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, आता आमच्याकडे फक्त डिजिटल आहे. ते लोक चहा अर्धा ठेवून गेले. बाबा त्या कॅमेऱ्याला घाबरतात असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या म्हाताऱ्या आजी बाहेर रसवंतीच्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांचा मुलगा पडदा बाजूला करून आत आला. पन्नाशीचा माणूस, फोटोतला नवरीचा भाऊ तोच. त्याने स्क्रीनवरचे कापलेले कान पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"हेच. हेच पायजे मले. मॅडम, तुमी आबाले बसवून द्या माझ्या पोरीच्या साक्षगंधात. जुन्या फोटोतून घ्या. फक्त हात खाली करा."

मी मान वर केली. माझ्याकडून प्रश्न येईल असं कुणी धरत नाही, त्यामुळे लोक आपणच पुढे सांगतात.

"दोन वर्ष झाले, एकच धोशा हाय तिचा. तो हात आशीर्वादाचा नाई म्हन्ते. ते थांबवून राह्यले म्हन्ते." त्याने आपलाच हात वर करून दाखवला. "आबानं जोडी घेतली होती मरायच्या आधी. लई जीव होता बैलायवर. आईनं ते ताईच्या लग्नासाठी इकले. त्याच्यावर राग धरला म्हन्ते. म्हून त्या लग्नात आले, आनि नंतर कोन्याच फोटोत आले नाई. मायं लग्न झालं, पोरायचे बारसे झाले, घराची वास्तू झाली, नाई आले. मी म्हनतो, आई, मेलेलं मानूस दर वेळेस येत असते काय? तं म्हन्ते, आधी राग होता, आता तू डिजिटलवाले बोलावतं म्हून."

"मग डिजिटलमध्ये आले तर त्यांना पटेल का?" मी विचारलं.

माझं बोलणं ऐकून तो जरा सावरून बसला. लोक असंच करतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, आवारात मराठी बोलायची बंदी होती. घरी सगळे वऱ्हाडी बोलायचे. मला समजायचं सगळं, पण माझ्या तोंडून पुस्तकातली मराठी यायची. चुलत भावंडं म्हणायची, "आली पाहा बातम्यावाली." मग मी हळूहळू बोलणंच कमी केलं. फोटो काढणाऱ्याला तीन वाक्यं पुरतात. इकडे बघा. हनुवटी थोडी खाली. झालं.

"तुमी पटवून द्या ना," तो म्हणाला. "नेटवर इंग्लिशमधी पाहा काही. डिजिटलमधी भूतबित चांगलं येते असं कोनी लिहेल असन, तं तिले वाचून दाखवा. तुमचं ऐकीन ते."

तो गेल्यावर मी खरोखर नेटवर पाहिलं. मला वाटलं होतं काही गमतीचं सापडेल. पण तिथली माणसं फार गंभीर होती. रोलच्या बाजूचे म्हणत, निगेटिव्ह हा पुरावा असतो, ज्याच्यावरून उजेड आला तेच उमटतं, मागाहून कुणी हात घालू शकत नाही. डिजिटलच्या बाजूचे म्हणत, एका जागी शंभर फोटो काढता येतात, तिथल्या तिथे बघता येतात, फोटो कोणत्या वेळेला कसा काढला ते फाइलमध्येच राहतं. फ्लॅशसमोर धुळीचे गोल दिसतात त्यांना आत्मा समजू नका, असं दोन्हीकडचे नवख्यांना बजावत होते. एकाने लिहिलं होतं, मुदत संपलेला रोल वापरा, त्याला जास्त दिसतं. त्यावर दुसरा हसला होता. चार-पाच पानं मी वाचली. फोटोत आलेला माणूस कशासाठी आला असेल, हे मात्र त्यांच्यात कुणी विचारत नव्हतं. आजींना तेवढंच विचारायचं होतं.

मग एका पानावर रोलवाल्यांसाठी सूचनांची यादी होती. त्यातली तिसरी सूचना मी दोनदा वाचली. भूत दिसलं की आधी हे तपासा, की तोच रोल चुकून दोनदा वापरला गेला नाही ना. बहुतेक भुतं तिथूनच येतात.

मी उठले आणि लोखंडी कपाट उघडलं.

बाबांनी जुन्या निगेटिव्ह एकही टाकलेल्या नाहीत. पाकिटावर निळ्या शाईत गाव, कार्य आणि महिना. डोणगावचं ते पाकीट खालच्या खणात होतं. त्यावर लिहिलं होतं, तीन रोल. आत दोनच होते. तिसरा त्याच खणात पार मागे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून रबर लावलेला सापडला. रबर हात लावताच तुटलं.

मोबाइलची स्क्रीन पूर्ण पांढरी करून मी त्यावर पट्ट्या धरल्या. मग एकेक पट्टी स्कॅनरमध्ये घातली आणि रंग उलटे केले. पहिल्या चौकटीत भटजी होम पेटवत होते आणि त्यांच्या डोक्यावर दोन शिंगं होती. लांब, रंगवलेली, टोकांना गोंडे बांधलेली. दुसऱ्या चौकटीत नवऱ्याच्या मावशीच्या अंगावरून बैलाची झूल गेली होती. तिसऱ्यात जेवणाच्या पंगतीत बैलाचा एक मोठा डोळा. सगळा रोल तसाच होता. पोळ्याचा दिवस आणि लग्नाचा दिवस एकमेकांत मिसळलेले.

सातवी चौकट दाराची होती. मी ती मोठी केली. लग्नाच्या फोटोत जिथे उजेड होता तिथे पोळ्याचा फोटो बुडाला होता. जिथे काळोख होता, म्हणजे त्या दारात, तिथे तो टिकला होता. हात वर होता. पण निगेटिव्हमध्ये त्या हातातून एक बारीक रेघ निघून दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली होती, आणि चौकटीच्या पलीकडे, चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीवर, फार लक्ष देऊन पाहिलं तर बैलाच्या तोंडाचा अंदाज येत होता. ती रेघ छापलेल्या फोटोतही आहे. सगळे तिला काचेवरचा ओरखडा समजतात.

तो कासरा होता, बैलाचा दोर. त्यांनी बैल धरला होता.

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते स्क्रीनसमोर बसले. पहिल्या चौकटीतली बैलाची शिंगं त्यांनी बोटाने दाखवली.

"पोळ्याले ते स्वतः आले होते बोलवाले," ते म्हणाले. "नवीन जोडी घेतली, फोटो काढून दे म्हने. रोलभर बैलायचेच काढले. एका बी फोटोत नुसता मानूस नाई. मी म्हनलो, एक तुमचा काढू दादा, एकट्याचा. तं म्हने, माया काय काढतं, मी काय पळून जाऊन राह्यलो?"

मग त्यांनी मला झालं ते सांगितलं. रंगीत रोल तेव्हा धुवायला अकोल्याला जायचे, एसटीने. तिथल्या लॅबवाल्याने सांगून ठेवलं होतं की रोल गुंडाळताना पूर्ण आत घेऊ नका, टोक थोडं बाहेर ठेवा, म्हणजे आम्हाला डबी फोडावी लागत नाही. टोक बाहेर असलं की वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच. म्हणून बाबा वापरलेल्याचं टोक दुमडून ठेवायचे. सगळेच फोटोवाले काही ना काही खूण करायचे. पोळ्याच्या दिवशी डोणगावात पाऊस आला, सगळे बैल घेऊन पळाले, बाबांनी ओल्या हाताने रोल काढला आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकला. दुमडायचा राहिला. नंतर तो रोल कुठे सापडला नाही. नवरीचे वडील दोनदा विचारायला आले. बाबांनी दोनदा सांगितलं, सापडला की देतो. दिवाळीत ते गेले. उन्हाळ्यात त्यांच्याच घरच्या लग्नात दोन रोल संपले, बाबांनी बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि कोरा समजून तोच रोल भरला.

"प्रिंट आले तवा मले समजलं. मी सांगालेच गेलो होतो डोणगावले. पाकीट हातात होतं. काकूनं ते घेतलं, वरचा फोटो पाह्यला, आनि खाली बसल्या. बायका जमा झाल्या. कोनी म्हनलं, आशीर्वाद देऊन राह्यले. काकू माया पाया पडल्या. मायापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. तवा मी काय बोलू? बाकीचे प्रिंट खराब झाले म्हून वापस घेऊन आलो."

त्यानंतर त्यांनी कधीच रोलचं टोक बाहेर ठेवलं नाही. लॅबवाला शिव्या द्यायचा.

"आता त्यांना तो हात आशीर्वादाचा वाटत नाही," मी म्हणाले.

"ऐकलं मी."

"मग?"

"राहू दे, बेटा. एवढे वर्ष त्या फोटोसमोर दिवा लावला तिनं. आता या वयात तिले सांगायचं, तो आलाच नोता?" मग म्हणाले, "जुना कॅमेरा घेऊन जाऊ. खालीच नेऊ, रोल नाई भराचा. एक खटका दाबू. तिचं मन राहीन."

मला पटलं नव्हतं, पण मला न पटलेलं घरात कुणाला समजत नाही, कारण मी पटलं तेव्हाही अशीच गप्प असते. रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका दाबला तर आठ दिवसांनी आजी विचारायला येणार. आम्ही म्हणणार, नाही आले. म्हणजे आजी समजणार, अजून रागावलेलेच आहेत.

दुसरा रस्ता मुलाने सांगितला तो. मी तो करूनही पाहिला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा दारातला माणूस उचलला, हात कापला, दुसऱ्या एका लग्नातल्या वयस्कर माणसाचा खाली सोडलेला हात जोडला, धोतराची चुणी जुळवली. सोपं काम होतं. अर्ध्या तासात ते हात खाली सोडून उभे राहिले, शांत, जरासे पारदर्शक. काम चांगलं झालं होतं, कुणालाही पटलं असतं. मी ते पाहत बसले आणि माझ्या मनात आलं की हे जर मी आजींच्या हातात दिलं तर त्या यालाही दिवा लावतील. म्हणजे त्या दुसऱ्याच एका माणसाच्या हाताला. तो माणूस तर जिवंत आहे, बाजारात दिसतो. मी फाइल बंद केली. सेव्ह करायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नाही म्हटलं.

सातव्या चौकटीचा एक प्रिंट मात्र मी काढला. मोठा, फक्त हात, रेघ आणि भिंतीवरचं ते पुसट तोंड, जितकं उठवता आलं तितकं उठवून. सोबत भटजीच्या डोक्यावर शिंगं असलेलाही. दोन्ही बॅगेत खाली ठेवले. का ठेवले ते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

साक्षगंध डिसेंबरात होतं. बाबा माझ्या स्कूटीवर मागे बसले, मांडीवर चामड्याची पेटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आली होती. पूर्ण रस्ता आम्ही बोललो नाही. डोणगावच्या आधी एकदा बाबा म्हणाले, "हळू घे, खड्डा हाय," तेवढंच.

कार्यक्रम सगळा डिजिटलवर झाला. मुलगी माझ्या वयाची. अंगठ्या, ओटी, साडी, पेढे, मुलाकडच्यांचे मानपान. ड्रोन मंडपावर घरघर करत फिरला आणि एका आजोबांचा फेटा उडाला, त्याचं सगळ्यांनी व्हिडिओ शूटिंग केलं. आजी पुढे आल्याच नाहीत. नातीने दोनदा बोलावलं तेव्हा येऊन खुर्चीच्या टोकावर बसल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत आत गेल्या.

पंगत बसली तशा त्या माझ्याजवळ आल्या.

"चाल वं माय. आता आपला फोटो काढ."

घर आता पक्कं झालं आहे, पण दार त्याच जागी आहे. आजींनी ते सताड उघडलं. आत जाऊन ट्यूबलाइट बंद केली.

"तवा लाइन गेली होती," त्या म्हणाल्या. "अंधार पायजे आतमधी."

त्यांनी फिकं हिरवं लुगडं नेसलं होतं, घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या. त्या दाराच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, मध्ये नाही. दुसरी बाजू मोकळी ठेवली. शेजारची एक बाई ताट घेऊन जाता जाता थांबली.

"कोनाची वाट पाहून राह्यली वं म्हातारे, एवढी नटून?"

"तुह्या बापाची नाई पाहत. जाय, जेव."

ती बाई हसत गेली. बाबांनी तिपाईवर जुना कॅमेरा लावला. स्क्रू बसवायला त्यांना वेळ लागला. मग ते बाजूला झाले आणि मी डोळा लावला. कितीतरी महिन्यांनी काचेतून बघत होते, स्क्रीनवरून नाही. छोट्या चौकोनात आजी, त्यांच्याशेजारी काळं दार. कॅमेऱ्यात काही नव्हतं. हे मला आणि बाबांना ठाऊक होतं.

"इकडे बघा," मी म्हणाले. "हनुवटी थोडी खाली."

आजींनी पदर सारखा केला. माझ्याकडे नाही, सरळ कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहिलं, आणि हळू आवाजात बोलल्या. मला वाटतं त्यांना वाटलं असावं की मला ऐकू येत नाही. पडद्यामागे असल्यावर वाटतं तसं.

"म्या बैल इकले. पोरीचं लगन त्याच सालात कराचं होतं, नाई तं तीन वर्ष बसली असती घरी. तुमी असते तं तुमी बी तेच केलं असतं. राग असन तं असू द्या. पन एकडाव तोंड दाखवा."

मग त्या स्थिर उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या. माझं बोट खटक्यावर होतं. मंडपातून पंगतीचा आवाज येत होता, कुणीतरी वरण मागत होतं. बाबा माझ्या बाजूला होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एक खटका, आणि आम्ही जेवायला गेलो असतो.

मी डोळा काढला. बॅगेतून दोन्ही प्रिंट काढले आणि आजींजवळ गेले. बाबांनी मला थांबवलं नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"आजी, त्या छायाचित्रात ते आलेले नव्हते," मी सुरुवात केली, आणि माझं मलाच ते बातम्यांसारखं ऐकू आलं. "म्हणजे, त्या वेळी एक चूक…"

"काय म्हन्तं, माय? समजलं नाई मले."

मी शिंगांचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला. गोंड्यांवर त्यांचं बोट गेलं. गोंडे त्यांनीच बांधले असतील, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. मग मी दुसरा फोटो वर ठेवला आणि त्या पुसट रेघेवर माझं बोट ठेवलं. घरी रोज ऐकलेली आणि कधीच न बोललेली भाषा तोंडात आली, जराशी वेडीवाकडी, पण आली.

"आजी, आबा कोनाले थांबवून नाई राह्यले. हा पोळ्याच्या दिवसाचा फोटो हाय, आमच्याच्यानं एकच रोल दोन डाव वापरल्या गेला. हे पाहा, त्यायच्या हातात कासरा हाय."